पंखा बंद केला तरी जाग येत नाही

सकाळी सहाला आई पंखा बंद करते. सव्वासहाला पांघरूण ओढते, साडेसहाला आवाज चढवते. मुलगा अकरावी सायन्सला. कॉलेज सव्वासातचं, दुपारी तीनपासून क्लास, घरी यायला रात्रीचे साडेआठ. मग जेवण, फिजिक्सचं जर्नल, थोडा मोबाइल, आणि पाठ टेकेपर्यंत बारा वाजून गेलेले. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप हवी, असं ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन’ने २०१६ मध्ये सांगितलं. इथे हिशेब सहा तासांच्याही आत अडतो. घराघरात निदान मात्र केव्हाच झालेलं असतं: पोरगं आळशी आहे, आणि आळशी केलं ते मोबाइलने.

हे दुसरं कलम अर्धंच खरं आहे.

ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्काडन यांनी सहावीतल्या मुलामुलींची पाहणी केली, तेव्हा जी वयात येण्याच्या टप्प्यांत इतरांपेक्षा पुढे गेली होती त्यांचा कल रात्री जागण्याकडे आढळला. हा निबंध १९९३ सालचा. पहिला आयफोन बाजारात आला २००७ मध्ये. पुढच्या संशोधनातून कारणंही कळली. झोपेची वेळ झाल्याचा सांगावा देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात रात्री उशिरा वाढू लागतं. शिवाय दिवसभर जागं राहिल्याने झोपेची जी ओढ साचत जाते, ती लहान मुलांच्या मानाने हळू साचते. म्हणून नऊ वाजता पेंगणारं पाचवीतलं पोर दहावीत गेलं की साडेदहालाही टक्क जागं असतं. वयात येणाऱ्या ऱ्हीसस माकडांत आणि उंदरांतही घड्याळ असंच पुढे सरकलेलं दिसलं आहे, आणि माकडांना रील बघायचा नाद असल्याचं अजून कोणी म्हटलेलं नाही. मोबाइल निर्दोष नाही. त्याचा उजेड मेलाटोनिनची वेळ आणखी पुढे ढकलतो आणि आलेला प्रत्येक मेसेज मेंदूला जागं ठेवतो. पण मुळात सरकलेल्या घड्याळाला तो आणखी धक्का देतो, एवढाच त्याचा गुन्हा.

ही खोड जन्माची नसते. जर्मनीतले टिल रोनेबर्ग यांनी २००४ मध्ये दाखवलं, की रात्रीकडचा हा कल साधारण विशीपर्यंत वाढत जातो आणि मग उलट फिरतो. मुलींमध्ये हे वळण मुलांपेक्षा थोडं आधी येतं.

‘पहाटे उठून केलेला अभ्यास डोक्यात पक्का बसतो’ यावर तर मराठी घरांची श्रद्धाच आहे. रात्री दहाला झोपून पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते खरं असेलही. बाराला झोपून चारचा गजर लावणाऱ्या मुलीच्या बाबतीत नाही. वाचलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेतच करतो. लॉस एंजेलिसमधल्या ५३५ विद्यार्थ्यांनी चौदा दिवस अभ्यासाची आणि झोपेची नोंद ठेवली. ती पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. झोप मोडून ज्या रात्री नेहमीपेक्षा जास्त वाचन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवलेलं समजायला जड गेलं आणि चाचणीही बिघडली. गंमत म्हणजे ज्या परीक्षांसाठी हा पहाटेचा आटापिटा चालतो, त्यातला बोर्डाचा सकाळचा पेपर ११ वाजता सुरू होतो आणि ‘नीट’ दुपारी २ ला.

शाळा उशिरा भरवा म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘मग ही कार्टी आणखी उशिरा झोपतील.’ सिएटल शहराने हे करूनच पाहिलं. २०१६ मध्ये तिथल्या हायस्कुलांची वेळ ७.५० वरून ८.४५ वर नेली. दोन शाळांतल्या मुलांच्या मनगटावर हालचाल टिपणारी यंत्रं बांधून मोजलं, तर रोजची झोप साधारण ३४ मिनिटांनी वाढली होती. कॅलिफोर्नियात तर २०२२ पासून कायदाच लागू आहे. काही ग्रामीण भाग वगळता तिथलं सरकारी हायस्कूल साडेआठच्या आधी भरत नाही.

महाराष्ट्रातही घंटा हलली, पण भलत्याच टोकाला. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाचा आदेश निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. चिमुरड्यांना तास-दीड तास मिळाला हे चांगलंच झालं. पण लवकर झोपून लवकर उठणं त्यातल्या त्यात ज्यांना जमतं ती हीच मुलं; ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकतं ती आठवी ते बारावीची मुलं आदेशाबाहेर राहिली. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळा, अपुरे वर्ग, स्कूलबसच्या फेऱ्या या अडचणी खऱ्या आहेत. त्यांतली एकही मुलांनी केलेली नाही.

अपुऱ्या झोपेचा पहिला फटका बसतो तो मनःस्थितीला. भाजीवरून ताट सरकवणं, ‘काय झालं?’ विचारल्यावर दार आपटणं, याला घरात ‘वयच तसं आहे’ म्हणतात. बहुतेकदा एक-दोन आठवडे पुरेशी झोप मिळाली की हे निवळतं. झोप मिळूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, मित्र आणि आवडीचा खेळ सुटला, जगण्यात अर्थ नसल्याची भाषा आली, तर मात्र वयाला दोष देत बसू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, हीसुद्धा निव्वळ समजूत आहे. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

वेळापत्रक बदलेपर्यंत घरात करण्यासारखं थोडंफार आहे. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं गॅलरीत किंवा रस्त्यावर उजेडात काढली तर शरीराचं घड्याळ हळूहळू अलीकडे येतं. चहा-कॉफी संध्याकाळनंतर नको, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाचेक तासांनीही रक्तात असतो. कॉलेज आणि क्लासच्या मध्ये वीस मिनिटांची डुलकी चालेल, संध्याकाळी सातची नाही. आणि रविवारी मुलाला सहाला उठवू नये. मात्र दुपारी एकपर्यंतही झोपू देऊ नये, नाहीतर सोमवारचा गजर त्याला मध्यरात्री वाजल्यासारखा वाटतो. रोजच्यापेक्षा तास-दोन तास जास्त पुरे.