गाडी पाणी पिते तेव्हा

भंडाऱ्याचं रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. 'भंडारा रोड' ही पाटी मिरवणाऱ्या या गावात सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे आणि इथूनच मोहाडीवरून तुमसरकडे, चिखला-डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींकडे रस्ता जातो. त्यामुळे ट्रक रात्रंदिवस. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की रस्त्याकडेच्या पत्र्याच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. "गाडी पानी पेते, मिस्त्री. खाली थेंब नाई."

थेंब दिसला असता तर काम सोपं होतं. पाइप, रेडिएटर किंवा वॉटर पंप बदलला की गाडी रवाना. पाणी इंजिनाच्या आतच कुठेतरी मुरतंय, तेव्हा वाटा तीन-चार असतात आणि प्रत्येकीचा खर्च वेगळा. ड्रायव्हरने वाटेतच निदान करून ठेवलेलं असतं: हेड गॅस्केट. "मंग हेड खोला ना!"

"हेड कुठी पळून नाई चालला, बाप्पा," मिस्त्री म्हणतो आणि पान्याला हात न लावता विचारायला लागतो. पाणी लोडवर चालताना कमी होतं की रात्रभर उभ्या गाडीत? सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर येतो का? आणि तेल?

तेल कमी होत नाही, उलट पट्टीवर थोडं वरच दिसतं, हे ड्रायव्हर कौतुकाने सांगतो. मिस्त्रीचा चेहरा तिथेच बदलतो. इंजिनात तेल आपोआप वाढत नसतं.

समोरची गाडी टाटाची, सहा सिलेंडरचं ५.९ लिटरचं कमिन्स इंजिन. या इंजिनात वेगळे लायनर नाहीत, सिलेंडर ब्लॉकमध्येच कोरलेले. म्हणजे लायनरखालची रबरी रिंग गेली, हा एक संशय परस्पर मिटला. राहिले हेड गॅस्केट, हेडला किंवा ब्लॉकला तडा, आणि ऑइल कूलर. हा कूलर म्हणजे ब्लॉकच्या कुशीत बसवलेला पत्र्यांचा संच. पत्र्यांच्या आत तेल, बाहेर पाणी. मध्ये फक्त पातळ धातू.

गाडी रात्रभर उभी ठेवली जाते. सकाळी, स्टार्टरला हात न लावता, मिस्त्री चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीचा, बोल्ट दोन आटे सैल करतो. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तळाशी साचतं. बोल्टच्या कडेने आधी हिरवट धार येते, मग काळं तेल. हेच इंजिन चालवून बघितलं असतं तर दोन्ही घुसळून दुधाळ चहासारखं झालं असतं आणि पाणी किती शिरलं याचा अंदाजच लागला नसता. स्टार्टर न मारण्याला आणखी एक कारण आहे. पाणी सिलेंडरमध्ये साचलं असेल तर ते दाबलं जात नाही; पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तसा संशय असेल तर आधी इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवतात.

आता रेडिएटरचं झाकण. आतल्या बाजूला बोट फिरवलं तर तपकिरी, चिकट थर. पाण्यात तेल आणि तेलात पाणी, दोन्हीकडून. इथे दाबाचा हिशेब कामी येतो. चालत्या इंजिनात तेलाचा दाब साधारण ३-४ बार, पाण्याचा झाकणाच्या मर्यादेत, १ बारच्या आसपास. म्हणून गाडी चालताना तेल पाण्यात घुसतं. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब लगेच शून्यावर येतो, गरम पाण्याचा मात्र बराच वेळ टिकतो, आणि पाणी उलटं तेलात शिरतं. गळती कधी होते यावरून ती कुठे आहे याचा माग लागतो. माझ्या मते या सगळ्या कामातली खरी हुशारी याच प्रश्नात आहे. पाना नंतर कोणीही फिरवतो.

रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, तेही बघितलं जातं. पण बुडबुडे दिसले की गॅस्केट गेलं, असं ठरवणं ट्रकच्या बाबतीत धोक्याचं. एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरच्या हेडमध्येही इंजिनाचंच पाणी फिरतं. त्याचं गॅस्केट फुटलं तर हवा पाण्यात शिरते आणि भल्याभल्यांना फसवते. म्हणून हवेच्या टाकीचा कॉक उघडून पाणी निघतं का, ते आधी बघायचं. निळ्या द्रवाची चाचणीही आहे: जळालेला वायू लागला की द्रव पिवळा पडतो. डिझेलच्या धुरात, विशेषतः आयडलिंगला, कार्बन डायऑक्साइड कमी असतो, त्यामुळे रंग बदलला नाही म्हणून गॅस्केटला निर्दोष ठरवता येत नाही.

या गाडीत बुडबुडे नाहीत, टाकीही कोरडी. कूलर बाहेर निघतो. एक तोंड बंद, दुसऱ्याला हवेचा पाइप, आणि पाण्याच्या बादलीत. थोड्या वेळाने पत्र्यांच्या एका सांध्यातून बारीक माळ वर येते. हेड जागेवरच राहतं: गॅस्केट, फेसिंग, खोळंबा, सगळं वाचलं.

पाण्याने भरलेल्या या इंजिनात कूलंट नावालाच होतं. ड्रायव्हर वाटेतल्या हातपंपाचं पाणी ओतत आला होता. साधं पाणी गंज आणि क्षार दोन्ही आणतं. शिवाय निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि १ बारचं झाकण असेल तर उकळबिंदू १३० अंशांच्या जवळ जातो. नुसतं पाणी १२० लाच उकळतं. लोड घेऊन चढ चढताना हे दहा अंश उपयोगी पडतात.

नवा कूलर बसला तरी गाडी सुटत नाही. मिस्त्री चेंबर उतरवून एक बिगएंड बेअरिंग काढून बघतो, कारण कूलंट मिसळलेलं तेल सर्वात आधी बेअरिंग खातं. ते ठीक निघतं. मग रेडिएटर तेल निघेपर्यंत धुवायचा, तेलाने फुगलेले रबरी पाइप बदलायचे, आणि नवं तेल भरून थोडं चालवून तेही फेकायचं.

"एकदाच टाकू ना तेल," ड्रायव्हर म्हणतो. मालकाला फोन लागतो, स्पीकर चालू होतो, आणि दुसऱ्या तेलाचे पैसे कोणी द्यायचे यावर तिघांची घासाघीस सुरू होते.