टॉपवर असताना ‘बाय’ म्हणणारी लॉरेना

समजा, तुमच्या फील्डमध्ये तुम्ही जगात नंबर वन आहात. तेसुद्धा सलग तीन वर्षं. वय अवघं २८. पैसा आहे, नाव आहे, स्पॉन्सर्स रांगेत उभे आहेत. काय कराल? खुर्ची आणखी घट्ट धरून बसाल, बरोबर? मेक्सिकोच्या लॉरेना ओचोआने मात्र एप्रिल २०१० मध्ये पत्रकार परिषद बोलावली आणि सांगून टाकलं, की बस, आता थांबायचं!

गोल्फ म्हटलं की आपल्याला आठवतात ते रविवारी सकाळी कॅप घालून निघालेले बडे साहेब. लॉरेनासाठी मात्र हा खेळ घराशेजारचा होता. १९८१ मध्ये ग्वादालाहारा शहरात तिचा जन्म झाला. घर गोल्फ क्लबला लागूनच, त्यामुळे पाचव्या वर्षीच हातात स्टिक आली. त्याच वयात झाडावरून पडून बाईसाहेबांनी दोन्ही मनगटं मोडून घेतली होती! प्लास्टर निघालं आणि स्वारी पुन्हा मैदानावर.

पुढे स्कॉलरशिप मिळवून ती अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठात गेली. तिथे दोन वर्षं कॉलेज स्पर्धा गाजवल्या आणि २००२ मध्ये डिग्री अर्धवट सोडून थेट प्रोफेशनल झाली. २००३ मध्ये ती महिलांच्या एलपीजीए टूरवर ‘रुकी ऑफ द इयर’ ठरली. पुढच्याच वर्षी या टूरवर स्पर्धा जिंकणारी पहिली मेक्सिकन खेळाडू! फुटबॉलवेड्या मेक्सिकोत लोक अचानक गोल्फबद्दल बोलू लागले.

पण सगळं असं मख्खन नव्हतं. २००५ ची यूएस विमेन्स ओपन. शेवटचा होल. चार फटक्यांत संपवायचा. विजेतेपद आवाक्यात असताना लॉरेनाचा पहिलाच फटका पाण्यात गेला आणि त्या होलला तिला तब्बल आठ फटके लागले. स्पर्धा हातची गेली. २००६ मध्ये दुसऱ्या एका मेजर स्पर्धेत पहिल्याच दिवशी ६२ चा जबरदस्त स्कोअर केला, पण शेवटी प्लेऑफमध्ये कॅरी वेबकडून हरली. मोक्याच्या क्षणी हिचे हातपाय गळतात, अशी कुजबुज सुरू झाली.

उत्तर मिळालं ते गोल्फच्या पंढरीत. ऑगस्ट २००७ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर महिला प्रोफेशनल्सची स्पर्धा पहिल्यांदाच भरली. तिथला क्लब तेव्हा फक्त पुरुषांचा, बायकांना सभासदत्व मिळायला २०१४ उजाडावं लागलं. त्या मैदानावर लॉरेनाने चार फटक्यांच्या फरकाने ब्रिटिश ओपन जिंकली. तिची पहिली मेजर! त्याआधी एप्रिलमध्येच तिने अनिका सोरेनस्टॅमला मागे टाकून नंबर वनचं स्थान घेतलं होतं. त्या एका सीझनमध्ये चाळीस लाख डॉलरहून जास्त कमाई झाली. महिला गोल्फमध्ये तोवर असं कुणालाच जमलं नव्हतं.

एवढं सगळं होऊनही तिच्या डोक्यात हवा गेली नाही. अमेरिकेतल्या गोल्फ कोर्सवर गवत कापणारे, मैदान राखणारे कामगार बऱ्याचदा मेक्सिकोहून पोटासाठी आलेले असतात. स्पर्धेच्या आठवड्यात लॉरेना आवर्जून त्यांना भेटायची. स्पॅनिशमधून गप्पा, एकत्र नाश्ता... ज्यांच्याकडे एरवी कुणाचं लक्षही जात नाही, ते लोक तिचे सगळ्यात कट्टर फॅन झाले. ग्वादालाहारात तिच्या फाउंडेशनतर्फे गरीब मुलांसाठी शाळाही चालू झाली.

आणि मग ती २०१० ची घोषणा. डिसेंबर २००९ मध्ये लग्न झालं होतं. घर, मुलंबाळं, फाउंडेशन यांना वेळ द्यायचा होता. मेक्सिकोतच मोरेलिया शहरात, आपल्या लोकांसमोर, ती निरोपाची स्पर्धा खेळली. सलग १५८ आठवडे नंबर वन राहून!

किंमत मोजावी लागली का? हो ना. एलपीजीएच्या हॉल ऑफ फेमसाठी लागणारे गुण तिने २००८ मध्येच मिळवले होते. पण नियमाप्रमाणे टूरवर दहा वर्षं पूर्ण हवी होती आणि हिची भरली आठच. आणखी दोन वर्षं कशीबशी काढली असती तर नाव पक्कं होतं. तिने नाही काढली. २७ विजेतेपदं आणि दोन मेजरवर हिशेब बंद केला. २०१७ मध्ये वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेमने तिला सन्मानाने आत घेतलं. आणि २०२२ मध्ये एलपीजीएने दहा वर्षांची अटच काढून टाकली, तेव्हा तो दरवाजाही उघडला.

आता कुणी म्हणेल, तिच्या बँकेत करोडो होते, तिला काय जातंय! खरंय. होम लोनचा हप्ता डोक्यावर असताना असा राजीनामा आपल्याला परवडत नाही. पण पैसे असूनही थांबता न येणारे आपल्या आजूबाजूला कमी आहेत का? अजून एक प्रमोशन, अजून एक इन्क्रिमेंट, मग बघू... आपण हे कशासाठी करतोय आणि कुठवर करायचं, हे लॉरेनाने वेळेत ठरवलं होतं. नोकरी सोडू नका, पण पुढच्या अप्रेझलच्या आधी तेवढं तरी स्वतःला विचारून ठेवायला काय हरकत आहे?