कोर्टाचं समन्स आलंय? आधी नीट वाचा

पोलीस शिपाई दारात येतो, एका प्रतीवर सही घेतो आणि दुसरी हातात ठेवतो. घरात पहिला प्रश्न: "आपण काय केलंय?" बहुतेकदा काहीच केलेलं नसतं. दुकानासमोरचा अपघात पाहिलेला असतो, नाहीतर पंचनाम्यावर पंच म्हणून सही केलेली असते. तालुक्याच्या फौजदारी कोर्टात पहिल्यांदाच साक्षीला जाणाऱ्यांच्या मनातले हे काही गैरसमज.

गैरसमज : समन्स आलं म्हणजे आपण आरोपी.
वस्तुस्थिती : समन्स आरोपीला निघतं, तसं साक्षीदारालाही निघतं. तुम्हाला कोणत्या नात्यानं बोलावलंय, ते कागदावरच असतं. सोबत कोर्टाचं नाव, तारीख आणि 'आर.सी.सी.' असा खटल्याचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख पाहता येते.

गैरसमज : पोलिसांना जबाब दिलाय, आता जायची गरज नाही.
वस्तुस्थिती : तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत आणि तो जबाब म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा ठरतं ते कोर्टात शपथेवर सांगितलेलं. समन्स मिळूनही गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. आजारी असाल तर डॉक्टरांच्या दाखल्यासह आधीच लेखी कळवा.

गैरसमज : स्वतःचा वकील करावा लागतो.
वस्तुस्थिती : पोलिसांनी दाखल केलेला खटला सरकार चालवतं. सरकारतर्फे साक्षीदार असाल तर त्या दिवशी लवकर पोहोचून सरकारी वकिलांना भेटा, एवढं पुरे. मग व्हरांड्यातच थांबा. दुसऱ्याची साक्ष तुमच्या कानावर पडू नये म्हणून बाहेर बसवतात. पट्टेवाला नाव पुकारेल तेव्हा चहाच्या टपरीवर असू नका.

गैरसमज : गीतेवर हात ठेवावा लागतो.
वस्तुस्थिती : ते सिनेमात. 1969 च्या शपथ कायद्यानुसार ईश्वरसाक्ष शपथ घेता येते किंवा देवाचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. ग्रंथ लागत नाही.

गैरसमज : सगळं पाठ हवं, 'आठवत नाही' म्हटलं की अडकलो.
वस्तुस्थिती : घटना कधीकधी पाच-सात वर्षांपूर्वीची असते. खरोखर आठवत नसेल तर 'आठवत नाही' हे पूर्ण उत्तर आहे. अंदाजानं सांगितलेला आकडा मात्र उलटतपासणीत हमखास उघडा पडतो. आधी सरकारी वकील सरतपासणी घेतात, मग आरोपीचे वकील उलटतपासणी. "अंधारात तुम्हाला गाडीचा नंबर दिसलाच नाही," असं ते ठामपणे म्हणतील. शेवटी "तुम्ही खोटी साक्ष देताय" हेही म्हणतील. चिडू नका, हा अपमान नव्हे. आरोपीची बाजू साक्षीदारापुढे मांडायची ती रीतच आहे. तुम्ही 'नाही' म्हणता आणि कागदावर उमटतं : 'मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.' असलं वाक्य असंख्य साक्षींच्या शेवटी सापडेल.

गैरसमज : साक्ष झाली, सही केली, सुटलो.
वस्तुस्थिती : तुम्ही बोलता, न्यायाधीश सांगतात आणि लघुलेखक टाइप करतो. या प्रवासात 'डावीकडे'चं 'उजवीकडे' होऊ शकतं. म्हणून साक्ष वाचून दाखवली जाते. चूक दिसली तर सहीपूर्वीच सांगा. तो तुमचा हक्क आहे.

गैरसमज : दोघांत समेट झाला, आता आपण फिरलो तर काय बिघडलं?
वस्तुस्थिती : सगळेच गुन्हे आपसांत मिटवता येत नाहीत. मिटवता आले तरी ते काम फिर्यादीचं आहे, साक्षीदाराचं नव्हे. न्यायालयात जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्यास 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुणी धमकावत असेल तर 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. सरकारी वकिलांना सांगा.

निघताना दोन गोष्टी विसरू नका. प्रवासखर्चाचा भत्ता मागा, नियमात बसत असेल तर मिळतो. आणि नोकरीवर असाल तर हजर राहिल्याचा दाखला घ्या. घरून नेताना समन्स, ओळखपत्र आणि डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच न्या.