दूरशिक्षणातील परीक्षार्थी आणि लेखनसराव

नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ मध्ये झाली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद असलेल्या या विद्यापीठाची पुस्तके स्वयं-अध्ययनासाठी लिहिलेली असतात. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी गावांत मात्र उन्हाळ्यात हिरडा गोळा करणे आणि पावसाळ्यात भातलावणी यांमुळे सवड मिळते ती बहुधा रात्रीच. त्या सवडीत वाचन होते. लेखन राहून जाते. लेखनाची सवय सुटलेला प्रौढ विद्यार्थी मग विषय समजूनही वेळेअभावी प्रश्न सोडून येतो. अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्र केवळ व्याख्यानात घालवणे म्हणजे पुस्तकातलेच पुन्हा सांगणे होय. त्याऐवजी समंत्रकाने घड्याळ लावून एकेक उत्तर लिहून घ्यावे आणि तेथेच तपासून परत द्यावे.