एक्सचेकर: हिशेबाच्या टेबलावरचा बुद्धिबळाचा पट

ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात. हा एक्सचेकर मुळात चक्क एक टेबल! जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ होता बुद्धिबळाचा पट.

बाराव्या शतकातला राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने लॅटिन ग्रंथात या टेबलाचं बारकाईने वर्णन केलंय. सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद, कडा चार बोटं उंच, म्हणजे वर ठेवलेलं काही घरंगळू नये. त्यावर रेघारेघांचं काळं कापड. प्रांतोप्रांतीचे शेरीफ वसुलीचा हिशेब द्यायला आले की पेनी, शिलिंग, पौंड अशा रकान्यांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी व्हायची. रोमन अंकांत आकडेमोड म्हणजे डोकेदुखी. इथे सगळं डोळ्यांसमोर. पावती म्हणून लाकडी काठीवर खाचा पाडत: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून पैसे देणारा आणि घेणारा, दोघांना एकेक भाग. लबाडी केली तर खाचा जुळणारच नाहीत! मला ही युक्ती फार आवडते.

शब्दाचं मूळ आणखी मागे जातं, फारसी 'शाह'पर्यंत. तोच शब्द अरबी, लॅटिन, फ्रेंच असा फिरत इंग्लंडात पोचला आणि त्यातूनच 'चेस' नि 'चेक' आले. आपण बुद्धिबळात देतो तो 'शह'सुद्धा त्याच घराण्यातला. बँकेच्या चेकचं ब्रिटिश स्पेलिंगही एक्सचेकरच्याच प्रभावाने 'cheque' असं झालं.