आज दोन दिसले



बचत गटाची बैठक आपण हिशेबाने सुरू करतो आणि गप्पांनी संपवतो. हिशेब वहीत उतरतो. कोणाची गाय व्याली, कोणाच्या बोडीत पाणी राहिलं, कोणाची पोर बारावीला कशी आहे, हे मात्र कुठे लिहिलं जात नाही. आज मी ज्या गप्पांबद्दल बोलणार आहे त्या लिहिल्या जातात, मोबाईलवर. आणि आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या एका पक्ष्यासाठी त्या फार कामाच्या आहेत.

छंदाचे गट मोबाईलवर आता पुष्कळ झाले. रांगोळीचे, विणकामाचे, परसबागेचे, रेसिपीचे. तसे पक्षी पाहणाऱ्यांचेही गट असतात. त्यात शाळेतले गुरुजी असतात, कॉलेजची पोरं असतात, दुकानदार, वनरक्षक, एखादा शेतकरी. सकाळी पाच-साडेपाचला पहिला निरोप येतो. "निघालो तलावावर." त्याखाली कोणीतरी चहाच्या कपाचं चित्र टाकतं. मग एक धूसर फोटो येतो आणि विचारणा होते, "भाऊ, हा कोणता?" तीन जण तीन नावं सांगतात. एक जण चिडवतो, "फोटो काढताना डोळे उघडे होते ना?" दुपारी कोणी पावसाची खबर देतो, कोणी मुलाच्या निकालाची, कोणी घरच्या भज्यांचा फोटो टाकतो. आणि मध्येच एक ओळ येते: "आज दोन दिसले. नेहमीच्या जागी."

वरवर पाहिलं तर हा रिकामटेकडेपणाच वाटेल. "पक्ष्यांशिवाय काही टाकू नका," असा नियम करणारे गटप्रमुखही असतात. माझं मत वेगळं आहे. फुलांवर लिहिलेले "शुभ सकाळ" मलाही नकोसे होतात, पण चहा-पावसाच्या गप्पा काढून टाकल्या की गट मुका होतो. माणूस आधी बोलायला सरावतो, मग त्याला महत्त्वाचंही सांगावंसं वाटतं. भज्यांच्या फोटोला ज्या ताईला चार जणांनी उत्तर दिलं, तीच ताई पुढच्या आठवड्यात "आमच्या बांधीत मोठा पक्षी उतरला" हे सांगायला बिचकत नाही. आपल्या गटातही हेच होतं ना? जी बाई बैठकीत हसते-बोलते, तीच एक दिवस घरातली अडचण उघड करते.

ही रीत मोबाईलच्या आधीपासूनची आहे. मुंबईत जफर फतेहअली यांनी 1960च्या सुमारास 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' नावाचं एक लहानसं पत्रक सुरू केलं. देशभरातले हौशी लोक त्यात लिहायचे, आज अंगणात हे पाखरू दिसलं, त्या झाडावर अमक्याचं घरटं आहे. कागदावरच्या गप्पाच त्या. आणि आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्यायचं तर नवेगावबांधचं. मारुती चितमपल्ली वन खात्याचे अधिकारी म्हणून तिथे राहिले. जंगलातल्या, तलावावरच्या माणसांशी बोलून त्यांनी पाखरांची नावं, सवयी, गोष्टी गोळा केल्या. पुढे 'पक्षीकोश' लिहिला, 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक लिहिलं. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या ज्ञानाचा मोठा भाग अशा साध्या बोलण्यातून आलेला होता.

आता त्या "नेहमीच्या जागी"च्या दोघांकडे येऊ. ते म्हणजे सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. मोठा सारस जवळजवळ आपल्या उंचीचा असतो. अंग राखाडी, डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक, पाय लांब. नर-मादी जोडीने राहतात आणि जोडीनेच ओरडतात, तो आवाज लांबवर ऐकू येतो. उत्तर प्रदेशात सारस बऱ्यापैकी आहेत, तिथला तो राज्यपक्षी आहे. महाराष्ट्रात मात्र तो मुख्यतः गोंदियात उरला आहे, थोडे भंडारा-चंद्रपूरकडे. पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाट लागतो, आणि वैनगंगा-बाघ नद्या ओलांडायला सारसाला काही परवाना लागत नाही, त्यामुळे इकडचे तिकडे जात-येत असतात. परसवाडा, झिलमिली अशा तलावांवर आणि भोवतालच्या धानात तो दिसतो. पण किती? आपल्या राज्यात डझनांत मोजावेत एवढेच. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून हा विषय हाती घेतला, इतकी ही संख्या काळजीची आहे.

दरवर्षी जूनच्या सुमारास सारसांची मोजणी होते. गोंदियाची 'सेवा' ही संस्था, वन विभाग, शेतकरी आणि हौशी स्वयंसेवक पहाटे ठरलेल्या जागी जाऊन उभे राहतात. जूनच का? तेव्हा पाणी आटलेलं असतं, पक्षी उरलेल्या पाण्याजवळ गोळा झालेले असतात, आणि धान उभं नसल्याने लांबून दिसतात. पण मोजणी वर्षातून एकदा. बाकीच्या दिवसांचं काय? तिथे ती एका ओळीची गप्प उपयोगी पडते. सारसाची जोडी आपली जागा सहसा सोडत नाही. रोज कोणी "दोन दिसले" म्हणत असेल तर ती जोडी सुखरूप आहे. चार दिवस कोणीच काही बोललं नाही, तर एखादा विचारतो, "अरे, त्या बोडीकडे कोणी गेलं होतं का?" आणि एखाद्या सकाळी "आज एकच आहे" असा निरोप आला, की सगळे चहा सोडून बाहेर पडतात. कारण विजेच्या तारांना धडकून सारस मरतात, कधी औषध मारलेल्या शेतातलं खाऊन मरतात. खबर त्याच दिवशी लागली तर कारण सापडतं. तार असेल तर त्या जागी काही करता येतं. महिन्याने कळलं तर हाती पिसंसुद्धा लागत नाहीत.

आता मैत्रिणींनो, मला सांगा, पावसाळ्यात बांधीत सर्वांत जास्त वेळ कोण असतं? पऱ्हे काढायला, रोवण्याला, निंदायला आपणच. आणि सारस घरटं घालतो तेही पावसाळ्यातच, धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठच्या उथळ पाण्यात. धानाची रोपं, गवत, पाणवनस्पती ओढून तो मोठा ढीग रचतो आणि त्यावर बहुधा दोन अंडी घालतो. नर-मादी आळीपाळीने बसतात. महिनाभराने पिल्लं निघतात, लगेच आईबापामागे चालू लागतात, पण उडायला त्यांना तीनेक महिने लागतात. म्हणजे कापणी जवळ आली तरी काही पिल्लांना उडता येत नसतं. हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडतं. दुर्बीण घेऊन धुऱ्यावर येणाऱ्याला जे आठवड्यातून एकदा दिसतं, ते आपल्याला रोज दिसतं. तरी त्या गप्पांत बायांची नावं थोडी असतात.

कारणं आपल्याला ठाऊक आहेत. फोन घरात एक, तोही नवऱ्याच्या नाही तर पोराच्या हातात. लिहायचा कंटाळा, किंवा शुद्धलेखनाची लाज. आणि "चुकीचं सांगितलं तर हसतील" ही भीती. लिहिण्याचं कारण सोपं आहे, माईकचं चिन्ह दाबून धरा आणि बोला. झाडीबोलीत बोला, तशीच समजते. सारसाची आरोळी ऐकू येत असेल तर तीच रेकॉर्ड करून टाका, जाणकाराला ती दहा ओळींच्या वर्णनाहून जास्त सांगते. आणि चुकण्याचं म्हणाल तर तिथे सगळेच चुकतात, निम्म्या गप्पा त्यावरच चालतात. तरी दोन-तीन खुणा सांगून ठेवते. उडताना मान वाकडी करून आत घेतली असेल तर तो बगळा. सारस मान सरळ पुढे ताणून उडतो. करकोचेही मान ताणून उडतात, पण ते झाडावर बसतात. सारस झाडावर बसत नाही, त्याच्या मागच्या बोटाला फांदी धरता येत नाही. तेव्हा "चिंचेवर सारस बसला" असं कोणी म्हटलं की समजावं, दुसराच कोणी आहे. या खुणा लोक पुस्तकातून कमी आणि अशा थट्टामस्करीतूनच जास्त शिकतात.

एक गोष्ट मात्र गटात टाकायची नाही. घरट्याची जागा. अंड्यांचा फोटोही नाही. गट कितीही ओळखीचा असो, निरोप पुढे ढकलायला एक बोट लागतं. तुमच्या गावातून निघालेला फोटो रात्रीपर्यंत नागपूरला पोचतो आणि रविवारी दहा जण कॅमेरे घेऊन धुऱ्यावर उभे राहतात. माणसं जवळ आली की सारस घरट्यावरून उठतो. तो लांब गेला की कावळे आणि कुत्री अंड्यांवर टपलेलीच असतात. म्हणून "आज दोन दिसले, नेहमीच्या जागी" या ओळीत गावाचं नाव नसतं ते मुद्दाम. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत असतं. घरट्याची खबर द्यायची तर वनरक्षकाला किंवा ओळखीच्या कार्यकर्त्याला एकट्याला, फोन करून. आणखी एक बारीक गोष्ट. फोटो साध्या रीतीने न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर तो कुठे काढला ही नोंदसुद्धा त्याच्यासोबत जाऊ शकते.

लाड करण्यातही धोका असतो. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने पाय मोडलेल्या सारसाची सेवा केली. पाखरू त्याच्या मागे-मागे उडू लागलं, त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. 2023 मध्ये वन खात्याने तो सारस ताब्यात घेतला, पुढे तो कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला आणि शेतकऱ्याला कायद्याची नोटीस आली. त्याचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. तरी जखमी पक्षी दिसला तर घरी आणू नका. वन विभागाचा 1926 हा नंबर आहे, तो लावा.

आता थोडं आपल्या स्वतःबद्दल. मोबाईलच्या गटात शिरलं की आपला नंबर तिथल्या सगळ्यांना दिसतो. पक्ष्यांच्या नावाखाली कोणी रात्री वेगळा निरोप पाठवला, तर उत्तर द्यायचं कारण नाही. ब्लॉक करा आणि गटप्रमुखाला सांगा. सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी'त जाऊन आपला फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करता येतं. आपल्याला गटात कोण घालू शकतं तेही ठरवता येतं. पोरीला विचारा, ती दोन मिनिटांत करून देईल. मला वाटतं, गावातल्या दोघी-तिघींनी मिळूनच अशा गटात जावं. एकीला उत्तर सुचलं नाही तर दुसरी बोलते.

बाया मिळून काय करू शकतात हे आसामात दिसलं. तिथे हरगिला नावाचा मोठा, टकल्या, दिसायला ओबडधोबड करकोचा आहे. घाणेरडा म्हणून लोक त्याच्या घरट्यांची झाडं तोडायचे. पूर्णिमा देवी बर्मन यांनी कामरूप भागातल्या गावांत बायांना गोळा केलं. त्या एकत्र बसल्या, बोलल्या, हातमागाच्या कापडावर हरगिल्याची नक्षी विणू लागल्या. आज त्यांना 'हरगिला आर्मी' म्हणतात, हजारो बाया आहेत. 2022 साली पूर्णिमा देवींना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरणाचा मोठा पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे पुरस्काराचं नंतर पाहू. या पावसाळ्यात रोवण्याला गेलात आणि बांधीत लाल डोक्याची जोडी दिसली, तर जरा लांबूनच काम करा. मधल्या बांधीत घरटं असेल तर तेवढा तुकडा निंदायचा राहू द्या. मालकीणबाई कुरकुरली तर तिला सांगा, गेली ती दोन-चार हात जागेतली रोपं. आणि संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावर फोन घेऊन माईक दाबा. "ताई, आज दोन दिसले," एवढं बोललात तरी पलीकडून लगेच कोणी विचारेल, "पाऊस कसा आहे जी तुमच्याकडे?"