धावणाऱ्या उंदराची चरबी

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. बॉस्टनच्या जॉस्लिन डायबेटिस सेंटरमधल्या संशोधकांनी ही म्हण जणू प्रयोगशाळेत करून पाहिली. काही उंदरांच्या पिंजऱ्यात त्यांनी फिरतं चाक ठेवलं. ते उंदीर 11 दिवस मनसोक्त धावले. मग त्यांच्या कातडीखालची थोडी चरबी काढून चाकावर कधीच न चढलेल्या उंदरांच्या शरीरात बसवली. थोड्याच दिवसांत या बैठ्या उंदरांच्या रक्तातली साखर अधिक चांगली आटोक्यात राहू लागली. धावला एक, गुण आला दुसऱ्याला, आणि तोही चरबीतून! बैठ्या उंदरांची चरबी बसवून पाहिली, तेव्हा असं काही घडलं नाही.

चरबी म्हणजे धान्याची मुकी कणगी, अशी आपली जुनी समजूत. 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिनचं जनुक शोधलं आणि ही कणगी बोलते हे जगाला कळलं. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून पाझरणारं संप्रेरक. ‘साठा भरलाय, आता खाणं आवर’ हा निरोप ते मेंदूला देतं आणि स्नायूंना मेद जाळायला लावतं. लठ्ठपणात मात्र रक्तात लेप्टिन भरपूर असूनही मेंदू आणि स्नायू त्याला दाद देईनासे होतात. चरबीतूनच येणाऱ्या ॲडिपोनेक्टिनची तऱ्हा उलटी. चरबी वाढली की ते कमी होतं, आणि स्नायूंना मेद जाळायला, साखर ओढून घ्यायला मदत करणारा एक साथीदार घटतो.

आता पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाच्या मांडीत डोकावून पाहा. पहिल्या काही पायऱ्यांतच ॲड्रेनलिन वाढतं. चरबीच्या पेशी मेदाम्लं मोकळी करतात. ती पाण्यात सहज विरघळत नाहीत, म्हणून रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून स्नायूपर्यंत येतात आणि तिथल्या पेशींच्या भट्ट्यांत, म्हणजे मायटोकाँड्रियात, जळतात. त्याच वेळी स्नायूपेशीच्या आत दडलेले ग्लुट-4 नावाचे वाहक पृष्ठभागावर येऊन साखर आत घेऊ लागतात. एरवी त्यांना इन्सुलिनने हाक मारावी लागते. इथे स्नायूचं आकुंचनच पुरतं!

आणि स्नायू नुसते घेत नाहीत, उलट निरोपही धाडतात. लॅक्टेटला आपण थकव्याचा गुन्हेगार ठरवून मोकळे झालो होतो. जॉस्लिनच्या संशोधनात दिसलं, की तेच लॅक्टेट चरबीला टीजीएफ-बीटा-2 हे प्रथिन बनवायला सांगतं आणि ते प्रथिन साखरेचा कारभार सुधारतं. दीर्घ व्यायामात स्नायूंतून आयएल-6 हा रेणूही रक्तात उतरतो. नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या पोटातली, अवयवांभोवतीची चरबी घटते त्यात त्याचा हात आहे. त्याचं काम औषधाने रोखलं, तेव्हा 12 आठवडे सायकल चालवूनही ती चरबी घटली नाही. उंदरांच्या मोठ्या भावंडांत, घुशीएवढ्या प्रयोगशाळेतल्या रॅट्समध्ये, व्यायामाने स्नायूंचं लेप्टिनपुढचं बहिरेपणही काही अंशी दूर झालं.

हे सगळं आपल्याला फार जवळचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचं छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 22.3, अगदी सारखा. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! दिसायला सडपातळ, आत मेदाचा साठा. असा बांधा आपल्याकडे घरोघरी आढळतो, आणि त्याच्याबरोबर मधुमेहही.

म्हणून महिनाभर चालूनही वजन तसूभर हललं नाही, तर चालणं सोडू नका. काटा चरबीचं वजन सांगेल, तिचा गुण सांगणार नाही. आज चढलेल्या पायऱ्यांमुळे तुमचे स्नायू इन्सुलिनला उद्याही जास्त तत्परतेने ओ देतील. एक-दोन दिवसांत हा परिणाम ओसरतो. तो ओसरायच्या आत पुन्हा पायऱ्यांकडे जायचं, एवढंच आपल्या हाती आहे, आणि ते थोडं नाही.